वरची माती कुठे गेली?

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामरोजगार सेवक व बचत गटांचे प्रतिनिधी यांच्यासाठी भरलेल्या एका प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



घनफळ आणि पृष्ठफळ या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या अभियंत्याला अथवा गणिताच्या शिक्षकाला बोलवावयास हवे होते, असे आपणांपैकी अनेकांच्या मनात आले असेल. माझ्याही मनात तेच आले होते. मी कलाशाखेचा पदवीधर. शंकू, वृत्तचिती, गोल ही नावे मी शाळेत पाठ केली, सूत्रे परीक्षेपुरती लक्षात ठेवली आणि निकाल लागताच ती विसरूनही गेलो. माहिती खात्याच्या नोकरीत या विषयाशी पुन्हा कधी गाठ पडेल असे वाटले नव्हते. ती गाठ पडली एका खड्ड्याच्या काठावर. ती हकीकत आधी सांगतो, कारण मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार तिच्यातच आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात एका अवर्षणग्रस्त गावी मजुरांच्या कामाचा वृत्तांत लिहिण्यासाठी गेलो होतो. मजुरांची एक टोळी पाणी मुरविण्यासाठी खड्डा खणत होती. माथ्याशी खड्ड्याची लांबी १० मीटर, रुंदी ८ मीटर. कडा ढासळू नयेत म्हणून त्या उतरत्या ठेवलेल्या. त्यामुळे तळाशी लांबी ८ मीटर आणि रुंदी ६ मीटर. खोली १ मीटर. मोजणी करणाऱ्याने टेप तळाशी धरला, लांबी-रुंदी घेतली, खोलीने गुणले आणि वहीत ४८ घनमीटर अशी नोंद केली. त्यात त्याचा काही वाईट हेतू होता असे मला आजही वाटत नाही. ऊन होते, घाई होती आणि तळाशी टेप धरणे सोयीचे होते.

तेवढ्यात टोळीतील एक वयस्कर बाई पुढे आल्या आणि मला म्हणाल्या, “सायेब, तुमी शिकल्यालं. आमी वरनंच खणत आलो न्हवं? मग तळ मोजला, तर वरची माती कुठं गेली?”

माझ्याजवळ पदवी होती, वही होती, लेखणी होती; उत्तर नव्हते. त्या रात्री मुक्कामाच्या घरी यजमानांच्या मुलीचे दहावीचे गणिताचे पुस्तक मागून घेतले आणि त्यातील महत्त्वमापनाचे प्रकरण पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा उघडले. त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

दोन प्रश्न, दोन मापे

कोणत्याही भरीव अथवा पोकळ वस्तूविषयी दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. तिच्यात किती मावते, हा पहिला. आणि तिला झाकावयास किती लागते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर म्हणजे घनफळ, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे पृष्ठफळ. माती, पाणी, धान्य, वाळू, खडी यांचा हिशेब घनफळाने होतो. गिलावा, रंग, पत्रा, प्लॅस्टिकचा कागद यांचा पृष्ठफळाने. घनफळ घनमीटरात मोजतात, पृष्ठफळ चौरस मीटरात. एका घनमीटरात १,००० लिटर पाणी मावते, एवढे एकच समीकरण लक्षात ठेवले तरी खेड्यातील निम्मे हिशेब सोपे होतात.

ही दोन मापे एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ‘ब्रास’ हा शब्दच पाहा. वाळूचा, मुरमाचा किंवा खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. परंतु गिलाव्याचा किंवा फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, वस्तू दोन. घर बांधताना कोणता ब्रास चालला आहे याचा उलगडा आधीच करून घेतला नाही, तर पुढे वाद होतो आणि त्यात बहुधा घरमालकच चूक ठरतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचेही तसेच. आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट उंच भरलेली ट्रॉली म्हणजे बरोबर एक ब्रास. तीच ट्रॉली उंचीला केवळ तीन इंच कमी भरली, तर माल ८७.५ घनफूट येतो. तीन इंच डोळ्यांना जाणवत नाहीत; परंतु ती २ फुटांचा आठवा हिस्सा आहेत. अशा आठ ट्रॉल्या उतरवून घेतल्या, म्हणजे एका संपूर्ण ट्रॉलीचे पैसे हवेला दिले असे समजावे.

आकार वाढला की ही दोन मापे एकाच वेगाने वाढत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १ मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या बंद टाकीचे घनफळ १ घनमीटर आणि सहा बाजूंचे मिळून पृष्ठफळ ६ चौरस मीटर. प्रत्येक माप दुप्पट केले, तर पृष्ठफळ चौपट म्हणजे २४ चौरस मीटर होते, घनफळ मात्र आठपट. तेच ८ घनमीटर पाणी आठ लहान टाक्यांत साठवावयाचे तर ४८ चौरस मीटर पत्रा लागेल. एका मोठ्या टाकीत निम्म्या पत्र्यात काम होते.

खड्डा उलगडून पाहू

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. तो खड्डा म्हणजे मातीचा एक मोठा ठोकळा होता आणि तो आपण बाहेर काढून सुरीने कापीत आहोत, अशी कल्पना करा. मधोमध ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व १ मीटर खोल असा सरळ भाग निघतो. त्याचे घनफळ ४८ घनमीटर. वहीत नोंद झाली ती एवढ्याचीच.

परंतु या सरळ भागाच्या चारही बाजूंना उतरत्या कडांचे पाचरीसारखे भाग उरतात. वर १ मीटर रुंद, खाली निमुळते. दोन लांब बाजूंच्या पाचरी प्रत्येकी ४ घनमीटर, मिळून ८. दोन आखूड बाजूंच्या प्रत्येकी ३, मिळून ६. पाचरींची बेरीज १४ घनमीटर. याशिवाय चार कोपऱ्यांत चार लहान निमुळते तुकडे राहतात. वर १ मीटरचा चौरस आणि खाली टोक, असा प्रत्येकाचा आकार. अशा निमुळत्या तुकड्याचे घनफळ त्याच माथ्याच्या व तेवढ्याच खोलीच्या सरळ ठोकळ्याच्या एक तृतीयांश असते. म्हणजे चार कोपरे मिळून १.३३ घनमीटर. सर्वांची बेरीज केली, तर ४८, १४ आणि १.३३ मिळून ६३.३३ घनमीटर होतात.

वरची माती येथे गेली होती. ती १५.३३ घनमीटर होती. एकूण कामाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. चार दिवस घाम गाळावा आणि मजुरी तीन दिवसांची मिळावी, असा तो प्रकार होता. दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर सर्वांसमक्ष पुन्हा मापे घेण्यात आली आणि नोंद दुरुस्त झाली, हे सांगावयास मला समाधान वाटते. ते श्रेय माझे नव्हे. प्रश्न विचारणाऱ्या त्या माउलीचे ते आहे.

भास्कराचार्यांचा नियम

दरवेळी खड्डा असा कापीत बसण्याची गरज नाही. त्यासाठी एक सुटसुटीत नियम आहे आणि तो कोणत्याही परदेशी ग्रंथातून आणावा लागत नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यातील ‘लीलावती’ या भागात ‘खातव्यवहार’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. माथ्यापेक्षा तळ लहान असलेल्या खड्ड्याचे घनफळ कसे काढावे, ते त्यात सांगितले आहे.

नियम असा. माथ्याची लांबी-रुंदी गुणावी. तळाची लांबी-रुंदी गुणावी. मग दोन्ही लांब्यांची बेरीज आणि दोन्ही रुंद्यांची बेरीज यांचा गुणाकार करावा. हे तिन्ही गुणाकार मिळवून ६ ने भागावे आणि खोलीने गुणावे. ग्रंथात दिलेल्या उदाहरणात विहिरीचे तोंड १२ हात लांब व १० हात रुंद, तळ त्याच्या निम्म्याने म्हणजे ६ आणि ५ हात, खोली ७ हात आहे. १२० आणि ३० आणि १८ गुणिले १५ म्हणजे २७०, मिळून ४२०. त्याला ६ ने भागले की ७०. खोलीने गुणले की ४९० घनहस्त.

आपल्या खड्ड्याला हाच नियम लावून पाहू. माथा ८०, तळ ४८, बेरजांचा गुणाकार १८ गुणिले १४ म्हणजे २५२. एकूण ३८०, ६ ने भागून १ ने गुणले की ६३.३३. कापून काढलेले उत्तर आणि नियमाने आलेले उत्तर तंतोतंत जुळते. ज्यांना तेवढाही हिशेब नको असेल, त्यांनी माथा व तळ यांची सरासरी लांबी ९ आणि सरासरी रुंदी ७ घेऊन गुणाकार करावा. ६३ घनमीटर येतात. हे माप किंचित कमी भरते. तथापि ते खऱ्याच्या अगदी जवळचे आहे आणि तळाच्या मापासारखा अन्याय त्यात होत नाही.

मापावर उभी असलेली मजुरी

या हिशेबाला आपल्या राज्यात एक वेगळेच महत्त्व आहे. कै. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजनेचे बीज पडले. १९७२ च्या भीषण दुष्काळात तिचा विस्तार झाला. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. या कामांवर मजुरी ठरली ती बव्हंशी कामाच्या मापावरून. किती घनमीटर माती खणली, ती किती अंतरावर नेली, किती उंचीवर चढविली, यावर दर लागत. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क मजुराच्या पदरात पडावयाचा तो अखेर टेपच्या आणि गुणाकाराच्या मार्गाने. मापच चुकले, तर कायदा कितीही चांगला असला तरी चूल पेटत नाही.

म्हणूनच मातीकामात दोन जुन्या रीती पाळल्या जातात. पहिली अशी की, मोठा खड्डा खणताना त्याच्या मध्ये मूळ जमिनीच्या उंचीचा मातीचा एक खुंट न खणता तसाच राखून ठेवतात. जमीन मुळात किती उंच होती, याचा तो साक्षीदार. मोजणी पुरी होईपर्यंत त्याला हात लावू नये. जमीन उंचसखल असेल, तर असे खुंट अनेक ठिकाणी ठेवावेत आणि सर्वांच्या उंचीची सरासरी घ्यावी. दुसरी रीत अशी की, माप शक्यतो खड्ड्यात घ्यावे, बाहेर टाकलेल्या ढिगाचे घेऊ नये. खणलेली माती भुसभुशीत होऊन तिचे आकारमान वाढते आणि तीच माती बांधावर घालून दाबली की पुन्हा कमी होते. खड्डा मात्र फुगत नाही आणि आकसतही नाही.

शेततळे: पाणी किती, कागद किती

आता मजुराच्या खड्ड्याकडून शेतकऱ्याच्या खड्ड्याकडे येऊ. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना जाहीर झाली. त्या वेळी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल हे शेततळ्याचे आकारमान घरोघरी माहीत झाले. ३० गुणिले ३० गुणिले ३ म्हणजे २,७०० घनमीटर, असा हिशेब अनेकांनी मनाशी केला आणि पुढे कागदावर २,१९६ हा आकडा पाहून ते बुचकळ्यात पडले. पाचशे घनमीटर पाणी कोणी पळविले?

ते कोणीही पळविले नाही. येथे नेमकी उलट चूक झालेली आहे. मजुराच्या खड्ड्यात तळ मोजून वरची माती सोडून दिली गेली. येथे माथा मोजून तळाशी नसलेले पाणी धरले गेले. काठाला एकास एक उतार असल्यामुळे ३ मीटर खोलीवर प्रत्येक बाजूने ३ मीटर जागा कमी होते आणि तळ २४ गुणिले २४ मीटरचा राहतो. भास्कराचार्यांचा नियम लावा. माथा ९००, तळ ५७६, बेरजांचा गुणाकार ५४ गुणिले ५४ म्हणजे २,९१६. एकूण ४,३९२, ६ ने भागले की ७३२, ३ ने गुणले की २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लक्ष लिटर. साडेआठ शतकांहून अधिक जुना नियम आणि आजचा आकडा यांत एका घनमीटराचाही फरक नाही.

याच रीतीने १५ गुणिले १५ गुणिले ३ मीटरचे तळे तपासले, तर त्यात ४४१ घनमीटर पाणी मावते. म्हणजे बाजू दुप्पट केली की पाणी दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तर जवळजवळ पाचपट होते. कारण लहान तळ्यात उतरत्या कडाच बरीचशी जागा खातात.

पाणी जमिनीत मुरून जाऊ नये म्हणून अस्तराचा कागद घालावयाचा असेल, तर येथे पृष्ठफळाचा प्रश्न येतो. पुष्कळजण तळाचे ५७६ चौरस मीटर धरतात किंवा फार तर माथ्याचे ९००. दोन्ही अपुरे पडतात. कडा तिरकी असते. ३ मीटर खाली आणि ३ मीटर आत जाणाऱ्या या कडेची प्रत्यक्ष लांबी ४.२४ मीटर भरते. चार कडांचे पृष्ठफळ सुमारे ४५८ चौरस मीटर. तळ मिळवला की १,०३४. परंतु कागद अखंड चौकोनी असतो आणि काठावर चर खणून तो मातीत दाबावा लागतो. यासाठी प्रत्येक बाजूस एक मीटर जादा धरला, तर एका बाजूला सुमारे ३४.५ मीटर, म्हणजे एकूण जवळजवळ १,१९० चौरस मीटर कागद लागतो. हा हिशेब न करता मागविलेला कागद कमी पडला, तर जोड द्यावा लागतो. आणि जोड हीच गळतीची पहिली जागा असते.

उघड्या पाण्यालाही पृष्ठभाग असतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. बाष्पीभवन होते ते पाण्याच्या पृष्ठावरून. उन्हाच्या दिवसांत पाण्याची पातळी रोज ६ मिलिमीटरने उतरते असे धरले, तर भरलेल्या ३० मीटरच्या तळ्यातून दररोज ५,४०० लिटर पाणी आकाशात जाते. खोली तीच ठेवून तळे पसरट केले की ही हानी वाढते. म्हणून जेथे जमीन साथ देते, तेथे विस्तारापेक्षा खोलीचा विचार करणे शहाणपणाचे असते.

आणि या सर्व पाण्याचे पुढे काय होते? एक हेक्टर पिकाला ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यावयाची, तर ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे काठोकाठ भरलेले हे तळे चार हेक्टरांना एक संरक्षक पाळी देऊ शकते. पावसाने ओढ दिली असता ती एक पाळी म्हणजे हातचे पीक घरात येणे किंवा न येणे. तळे खणण्यापूर्वीच हा गुणाकार केला, तर आपण त्यावर किती पिकाचा भार टाकावा हे उमगते.

विहिरीचा व्यास

विहीर ही बहुधा वृत्तचिती, म्हणजे नळकांड्याच्या आकाराची असते. त्रिज्येचा वर्ग घ्यावा, २२ ने गुणून ७ ने भागावे आणि पाण्याच्या उंचीने गुणावे, की घनफळ मिळते. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर उंचीला सुमारे २८,३०० लिटर पाणी असते. ८ मीटर व्यासाच्या विहिरीत सुमारे ५०,३००. व्यास एक तृतीयांशाने वाढला, पण पाणी वाढले पाऊणपटीहून अधिक. अर्थात खोदाईही तेवढीच वाढली. बांधकाम मात्र विहिरीच्या आतील भिंतीचे, म्हणजे पृष्ठफळाचे असते. परिघ गुणिले खोली असा त्याचा हिशेब असल्याने ते केवळ एक तृतीयांशानेच वाढते. खोदाईचे अंदाजपत्रक घनफळाने आणि बांधकामाचे पृष्ठफळाने तपासावे. दोन्हींना एकच पट लावणारा ठेकेदार भेटला, तर त्याला थांबवून विचारावे.

व्यास मोजताना एक खबरदारी घ्यावी. दोरी बरोबर मधून गेली की नाही, हे नजरेला समजत नाही. एक टोक एका जागी धरून दुसरे टोक समोरच्या काठावरून फिरवावे. जे अंतर सर्वांत जास्त भरेल, तोच व्यास.

खळ्यावरची रास

खड्डा झाला, विहीर झाली. आता खळ्यावरची धान्याची रास पाहू. सपाट जमिनीवर ओतलेली रास शंकूचा आकार घेते. शंकूचे घनफळ त्याच बुडाच्या व तेवढ्याच उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश असते. खड्ड्याच्या कोपऱ्यांत आपल्याला भेटला तोच हा एक तृतीयांश. तो केवळ नजरेने ओळखणे सोपे नाही. आर्यभटांच्या इ. स. ४९९ मधील ग्रंथात निमुळत्या घनाकृतीसाठी निम्म्याचा नियम दिलेला आढळतो, असा त्या श्लोकाचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. पुढे इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी एक तृतीयांशाचा अचूक नियम सांगितला. आपल्याला पडताळा हवा असेल, तर पुठ्ठ्याचा एक शंकू आणि तेवढ्याच तोंडाचा व तेवढ्याच उंचीचा पुठ्ठ्याचा एक डबा तयार करावा. शंकू ज्वारीने भरून डब्यात ओतावा. तिसऱ्या खेपेस डबा काठोकाठ भरतो. शाळेतील मुलांकडून हा प्रयोग अवश्य करून घ्यावा.

राशीच्या पोटात शिरून त्रिज्या मोजता येत नाही; बाहेरून परिघ मात्र दोरीने घेता येतो. ‘लीलावती’तील ‘राशिव्यवहार’ या प्रकरणात याच अडचणीवर तोड आहे. परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि उंचीने गुणावे. परिघ व्यासाच्या तिप्पट मानला, तर त्याचा सहावा भाग म्हणजे त्रिज्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या तिप्पट आणि शंकूसाठी त्याचा तिसरा हिस्सा. तिप्पट आणि तिसरा हिस्सा एकमेकांना छेदून जातात आणि त्रिज्येचा वर्ग तेवढा उरतो. भास्कराचार्यांना परिघ व व्यास यांचे सूक्ष्म गुणोत्तर ठाऊक होते, ते त्यांनी त्याच ग्रंथात दिलेही आहे. खळ्यावर मात्र त्यांनी तोंडी करता येईल असा नियम दिला.

१२ मीटर परिघ आणि १.२ मीटर उंची असलेली रास घ्या. या नियमाने ४.८ घनमीटर येतात. सूक्ष्म हिशेबाने ४.५८. म्हणजे नियम सुमारे पाच टक्के जास्त दाखवितो. अधिक काटेकोर उत्तर हवे असल्यास परिघाचा वर्ग उंचीने गुणून ३६ ऐवजी ३८ ने भागावा. ज्वारी घनमीटराला साधारण सात ते साडेसात क्विंटल भरते. म्हणजे ही रास बत्तीस ते चौतीस क्विंटलांच्या आसपास आहे, हे व्यापाऱ्याच्या काट्यापूर्वीच आपल्याला कळते. काटा अखेरचा खरा. पण काट्यावर नजर ठेवण्यासाठी अंदाज हाताशी असावा लागतो.

भिंतीला टेकून घातलेल्या राशीचा विचारही या ग्रंथात केलेला आहे. भिंतीला लागलेली रास अर्धी, घराच्या आतील कोपऱ्यातली पाव आणि बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून बसलेली पाऊण. दिसणारा परिघ अनुक्रमे २ ने, ४ ने किंवा १ पूर्णांक १ तृतीयांशाने गुणून पूर्ण राशीचा हिशेब करावा आणि मग त्याचा अर्धा, पाव किंवा पाऊण भाग घ्यावा. ग्रंथकर्त्याने खळी आणि कोठारे डोळ्यांनी पाहिली असली पाहिजेत, याची खात्री हे वाचताना पटते.

आपल्याच मातीतील विद्या

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि त्यासाठी इ. स. १२०७ मध्ये दान देण्यात आले, अशी नोंद त्यात आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, याच मातीत, खड्डे आणि राशी मोजण्याची विद्या एके काळी पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जात होती. ती पुन्हा खड्ड्याच्या काठावर आणि खळ्यावर आणणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. एक टेप, एक पाटी आणि विचारण्याची हिंमत एवढे पुरे. आपण गावी परतल्यावर तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक मातीकामाच्या जागी माथ्याची लांबी-रुंदी, तळाची लांबी-रुंदी, खोली आणि येणारे घनफळ ठळक अक्षरांत पाटीवर लिहावे. माप घेताना टेपचे एक टोक मजुरांपैकीच कोणाच्या तरी हाती द्यावे आणि आकडे मोठ्याने वाचावेत. आणि बचत गटातील निदान दोन भगिनींना हा सहाने भागण्याचा नियम शिकवावा.

त्या उन्हाळ्यातील बाईंना शाळेची पायरी चढावयास मिळाली नव्हती. तरीही जे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही, ते त्यांच्या ध्यानात आले. कारण वरची माती त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून वाहिली होती. त्यांचा प्रश्न मी आज आपल्या हवाली करतो. यापुढे कोठेही खड्ड्याचे माप वहीत चढत असेल, तर सही करण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने विचारावा. वरची माती कुठे गेली?